अठरा फुटांवरचे सत्तावीस पौंड

पाण्यावर गेलेला माणूस खोटं बोलत नाही. पहाटेचं धुकं, निवांत तलाव, हातात गळाची काठी आणि समोर आपल्याइतकाच हट्टी एक जीव. अशा वेळी मनात जे काही लबाड असेल ते आपोआप गळून पडतं, असं आमच्या चर्चचे पाद्री ब्रदर थर्मन दर जूनमध्ये मासेमारीच्या स्पर्धेआधीच्या प्रार्थनेत सांगतात, आणि आम्ही सगळे टोप्या छातीशी धरून आमेन म्हणतो. त्याच स्पर्धेच्या नियमावलीत अकरावं कलम असं आहे की पहिल्या आलेल्या जोडीला खोटं पकडणाऱ्या यंत्राला जोडून अर्धा तास प्रश्न विचारले जातील. यंत्र शेजारच्या कौंटीतून मागवावं लागतं. कलम ब्रदर थर्मन यांनीच घातलेलं आहे.

मी इमरी टॅटम. टॅलुमा कौंटीच्या कॉलेजात इतिहास शिकवतो आणि वर्षातला एक शनिवार माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या बोटीत मागच्या खुर्चीवर काढतो. माझ्याकडे जाळ्याचं काम असतं. मासा बोटीजवळ आला की जाळं खाली घालायचं, आणि तो सुटला तर चूक माझी. ही विभागणी नऊ वर्षांपूर्वी ठरली, मला न विचारता.

बहिणीचा नवरा हॉइट लेडबेटर घरोघरचे विजेचे मीटर तपासतो. दिवसभर आकडे वाचणाऱ्या माणसानं सुट्टीच्या दिवशी आकड्यांपासून लांब राहावं असं आपल्याला वाटेल. हॉइट तलावाच्या पाण्याचं तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत वहीत लिहितो. वाऱ्याची दिशा लिहितो, चंद्राची कला लिहितो, आणि त्या दिवशी न्याहारीला काय खाल्लं तेही लिहितो, कारण एकदा सॉसेज-बिस्किट खाऊन गेला तेव्हा त्याला साडेचार पौंडांचा बास मासा मिळाला होता.

त्याची बोट एकवीस फुटी आहे. लाल, आणि त्या लाल रंगात चकाकणारी भुकटी मिसळलेली. ती गराजमध्ये राहायची. माझी बहीण नेडीन हिची फुलांची व्हॅन अंगणात राहायची. असं नऊ वर्षं सुरळीत चाललं होतं. मग एप्रिलमध्ये लिंबाएवढ्या गारा पडल्या. व्हॅनची पुढची काच गेली, पत्र्याला सव्वीस पोचे पडले आणि आत रचून ठेवलेली एका लग्नाची सगळी फुलं ओली होऊन बसली. बोट गराजमध्ये होती, अंगावर मऊ आच्छादन घेऊन.

त्या रविवारी मी जेवायला होतो. नेडीननं चिकन वाढलं, स्वतः बसली, हातरुमाल मांडीवर पसरला आणि म्हणाली, "हॉइट, नऊ वर्षांत तू किती बक्षिसं आणलीस?"

"एकदा सातवा आलो होतो."

"सातव्याला काय मिळालं?"

"टोपी."

"टोपी सगळ्यांनाच देतात."

हॉइटनं माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्यांकडे पाहिलं.

"मी एकदाच सांगते," नेडीन म्हणाली. तिचा आवाज चढत नाही. चढला असता तर बरं, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. "या जूनमध्ये पहिल्या तिघांत आलास तर बोट गराजमध्ये राहील. मी मरेपर्यंत राहील, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आलास, तर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्याआल्या बोट बाहेर आणि व्हॅन आत."

"बाहेर? उन्हात? अगं, रंगाचं काय होईल तिच्या?"

"व्हॅनच्या रंगाचं झालं तेच."

"इमरी, तू काहीतरी बोल."

"इमरी साक्षीदार आहे," नेडीन म्हणाली. "साक्षीदार बोलत नसतो. बीन्स घे, इमरी."

मी बीन्स घेतल्या.

या प्रसंगानंतर हॉइटनं जे केलं ते त्याच्या वहीत 'पुनर्विचार' या मथळ्याखाली आहे. त्याच्या गराजच्या भिंतीला अकरा पेट्या टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीत नकली आमिषं. त्यात रबरी किडे होते, पत्र्याच्या झालरी होत्या, पिसांचे गोंडे होते, प्लास्टिकचे मासे होते. हे सगळं येतं धक्क्याजवळच्या मिस ओझेलांच्या दुकानातून. तिथे नुसत्या रबरी किड्यांची एक अख्खी भिंत आहे, आणि त्या भिंतीवर 'हिरवा भोपळा' नावाचा एकच रंग पाच तऱ्हांचा आहे: साधा, लाल ठिपक्यांचा, जांभळ्या ठिपक्यांचा, काळसर, आणि 'खास'. पाचही पिशव्या मी एकदा उजेडात धरून पाहिल्या. पाचही पिशव्यांतले किडे चिखलाच्या रंगाचे होते.

"मिस ओझेला," मी विचारलं होतं, "माशाला हा फरक कळतो?"

"रंग माशासाठी नसतो रे बाळा," त्या म्हणाल्या होत्या. "माशाकडे पाकीट नसतं."

दरवर्षी हॉइट अकराच्या अकरा पेट्या बोटीत चढवायचा आणि दर दहा मिनिटांनी आमिष बदलायचा. गेल्या वर्षी मी नुसतं मोजत बसलो होतो, कारण जाळ्याला काही काम नव्हतं. दिवसभरात त्यानं चोपन्न गाठी मारल्या. तेवढ्या वेळात शेजारच्या बोटीतल्या माणसानं एका वाकड्या किड्यावर तिसरा नंबर काढला.

पुनर्विचाराचं सार असं होतं की निवड हाच रोग आहे. "माणसाकडे अकरा पेट्या असल्या की त्याचा कशावरच विश्वास राहत नाही," तो मला म्हणाला. "या वेळी आमिष एकच. लग्नासारखं. एकदा ठरवलं की दुसरीकडे बघायचं नाही."

हे तो नेडीनलाही म्हणाला. तिला ते कौतुकाचं वाटलं नाही.

त्यानं निवडलेलं आमिष म्हणजे वीतभर लांबीचा प्लास्टिकचा मासा. त्याच्या तोंडाला चमच्यासारखी रुंद जीभ असते, त्यामुळे ओढला की तो सरळ खाली जातो, अठरा फुटांवर तळाला टेकतो आणि दगडगोट्यांवर आपटत आपटत पुढे येतो. दुकानात त्याला मोठं नाव आहे. आम्ही बुड्या म्हणायचो. हॉइटनं एकाच रंगाचे सहा बुड्ये घेतले आणि न्हाणीघरातल्या टबात प्रत्येकाला पोहायला लावून कोणता डावीकडे झुकतो ते पाहिलं. त्या आठवड्यात त्या घरात अंघोळी वेळापत्रकानुसार होत होत्या.

स्पर्धेआधीच्या मंगळवारी आम्ही सरावाला गेलो. धरण होण्याआधी टॅलुमा खोऱ्यातून एक डांबरी रस्ता जात असे. तो आता तलावाच्या तळाशी आहे. जूनमध्ये पाणी तापलं की मोठे बास अशा जुन्या रस्त्याच्या कडेला थंडाव्यात येऊन बसतात, हे कुणालाही ठाऊक आहे. पण रस्ता सात मैल लांब आहे. बसतात कुठे, हा प्रश्न.

हॉइटनं बोट थांबवली. मासे शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर तळाची रेघ दिसत होती आणि रेघेच्या वर, तांदूळ सांडावेत तशा, पिवळ्या खुणा. बऱ्याच होत्या.

त्यानं खिशातून पक्कड काढली आणि बुड्याचे दोन्ही गळ उपटून डब्यात टाकले.

स्पर्धा खेळणारे सगळेच असं करतात. सरावात मासा खरोखर गळाला लावला तर तो शहाणा होतो आणि शनिवारी त्याच आमिषाकडे ढुंकून बघत नाही. म्हणून बिनगळाचं आमिष टाकायचं. मासा येतो, तोंडात धरतो, झटका देतो, त्यात काही राम नाही हे कळल्यावर सोडून देतो. काठीत तो झटका हाताला कळतो. मासा आहे हे आपल्याला समजलं, आणि आपण आहोत हे त्याला समजलं नाही.

पहिल्याच फेकीला काठी वाकली. हॉइटनं डोळे मिटले. "पाच," तो पुटपुटला. "पाचाच्या थोडा वर." काठी सरळ झाली. त्यानं वही काढली आणि लिहिलं.

दुसऱ्या फेकीला पुन्हा. "सहा. हा वयस्कर आहे. घाईत नाही."

"वय कळतं?" मी विचारलं.

"वीस वर्षं धरतोय काठी हातात, इमरी."

तासाभरात चौदा झटके झाले. त्यानं वहीत सगळ्यात मोठ्या पाचांची बेरीज मारली, कारण स्पर्धेत पाचच मासे वजनाला लागतात. सत्तावीस पौंड. गेल्या वर्षीचा पहिला नंबर एकवीस पौंडांवर गेला होता. हॉइट खुर्चीत मागे टेकला आणि बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिला. मला वाटतं तो गराज बघत होता.

"हॉइट," मी म्हणालो, "एखादा पकडून बघायचा का? नुसता बघायला."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये बिअर उघडली असावी.

"एकाला गळ टोचला की बाकीच्यांना कळतं. बासला दहा दिवस लक्षात राहतं."

लग्नाचा वाढदिवस हॉइट स्वतः दोनदा विसरलेला आहे. बुधवारी आम्ही पुन्हा गेलो, आणि झटके एकवीस. गुरुवारी त्यानं कामावरून रजा घेतली आणि एकटाच गेला. आल्यावर त्यानं अकरा पेट्या भिंतीवरच कुलूप लावून ठेवल्या आणि किल्ली नेडीनकडे दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस," तो तिला म्हणाला.

"तशीही कधी कुठली किल्ली सापडते तुला," ती म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी बंबखान्यात सगळे स्पर्धक जेवायला जमतात. तळलेला कॅटफिश असतो, कोबीची कोशिंबीर असते, गोड चहा असतो, आणि प्रत्येक जण प्रत्येकाला कुठे, कशावर जाणार हे विचारतो. यावर खरं उत्तर देणं ही आमच्याकडे असभ्यता समजली जाते. उत्तर न देणं त्याहून वाईट. एखादं गुळगुळीत खोटं सांगायचं, समोरच्यानं मान डोलवायची, आणि घरी जाऊन दोघांनी एकमेकांच्या खोट्यातून खरं गाळून काढायचं.

दंतवैद्य गार्लंड प्रुइट आमच्या टेबलाशी आला. तो आणि हॉइट शाळेत एका वर्गात होते आणि तेव्हापासून एकमेकांचं बरं पाहत नाहीत. डॉक्टरच्या बोटीवर तीन पडदे आहेत, त्यातला एक त्याच्या बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीपेक्षा मोठा आहे असं त्याची बायको सांगते.

"हॉइट. काही सापडलं का या आठवड्यात?"

"फार वाईट दिवस आहेत, डॉक. काहीच नाही."

"मीही तेच म्हणतो. मी उद्या वरच्या अंगाला जाईन, पुलाकडे. हिरवा भोपळा. तू?"

हॉइटनं ओठावरचं तेल पुसलं. हा प्रश्न येणार म्हणून तो दोन दिवस उत्तराची तालीम करत होता. "किनाऱ्याला. लोकांचे लाकडी धक्के आहेत ना, त्यांच्या सावलीत. दोन फूट पाण्यात. पांढरा बेडूक."

"पांढरा बेडूक."

"रबराचा. पाय हलतात तो."

डॉक्टरनं मान डोलवली. बाहेर पार्किंगमध्ये आमची बोट ट्रेलरवर उभी होती आणि तिच्या पुढच्या भागावर, सगळ्यांना दिसेल अशी, एक काठी होती. तिला हा पांढरा बेडूक बांधलेला. सात वर्षांपूर्वी पेट्रोल पंपावर घेतलेला, एका डोळ्याचा रंग उडालेला. हॉइटनं तो फक्त दाखवण्यासाठी बांधला होता. जेवण आटोपून बाहेर आलो तेव्हा दहा-बारा माणसं हातात टूथपिक धरून आमच्या बोटीभोवती सहज फिरत होती. बेडूक बघून सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. हॉइट किनाऱ्याला जाणार नाही, एवढं प्रत्येकाला नक्की कळलं होतं.

"बघ," हॉइट गाडीत बसताना म्हणाला. "उद्या धक्क्यांकडे कुत्रंही फिरकणार नाही."

"पण आपण तरी कुठे जाणार आहोत धक्क्यांकडे."

"मुद्दा तो नाही, इमरी."

शनिवारी उजाडताना चौतीस बोटी सुटल्या. सहा वाजून बारा मिनिटांनी आम्ही जुन्या रस्त्यावर होतो. पडद्यावर तांदूळ जागच्या जागी. हॉइटनं नव्या बुड्याचे गळ दगडावर घासून नखावर तपासले, मग काठी मागे नेली आणि फेकली. इतकी सुंदर फेक मी त्याच्या हातून नऊ वर्षांत पाहिली नव्हती.

काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"सहा," तो म्हणाला. "सहाच्या वर आहे. जाळं. जाळं कुठंय?"

"हातातच आहे."

"मग नीट धर."

पाच-सहा मिनिटं झटापट झाली. मासा तळाशी अडून राहिला, मग बोटीला वळसा घातला, मग हळूहळू वर आला. मी जाळं खाली घातलं आणि उचललं. मासा करडा होता. पाठीला कुबड, तोंड खाली ओघळलेलं, जणू कुणी त्याला वाईट बातमी दिली असावी. जाळ्यात पडल्यापडल्या त्याच्या पोटातून घुर्र घुर्र आवाज येऊ लागला.

हा ड्रम नावाचा मासा. आमच्या तलावात पुष्कळ आहे. त्याला कुणी पकडायला जात नाही, पकडला तर कुणी सांगत नाही. स्पर्धेत फक्त बासचं वजन होतं.

आम्ही दोघं थोडा वेळ त्याचं घुरघुरणं ऐकत उभे राहिलो.

"एखादा असतोच," हॉइट म्हणाला आणि त्याला पाण्यात सोडला.

दुसऱ्या फेकीला पुन्हा काठी वाकली. पुन्हा जाळं, पुन्हा घुर्र. "ड्रम वरच्या थरात असतात," हॉइट म्हणाला. "बास त्यांच्या खाली." तिसरा आला. "किंवा बाहेरच्या बाजूला." बोट वीस फूट सरकवली. चौथा आला, नऊ पौंडांचा, आणि हा घुरघुरण्याच्या बाबतीत चौघांत सरस होता. पाचव्यानंतर हॉइट स्पष्टीकरण द्यायचा थांबला. तो फेकायचा, मी जाळं घालायचो, मासा घुर्र करायचा, मी सोडायचो. काम अगदी लयीत चाललं होतं. परक्या माणसानं लांबून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथं पहिला नंबर चाललाय.

साडेनऊपर्यंत अकरा ड्रम झाले. मी मनातल्या मनात मोठ्या पाचांची बेरीज केली. साडेसत्तावीस पौंड भरले. म्हणजे वजनाच्या बाबतीत हॉइटच्या हातानं जवळपास काहीच चूक केली नव्हती. फक्त मासा चुकला होता.

तो पुढच्या खुर्चीत बसला. सूर्य बऱ्यापैकी वर आला होता.

"इमरी," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मंगळवारी तू काहीतरी म्हणाला होतास."

"काही नाही."

"नाही, म्हणाला होतास."

"एखादा पकडून बघू, म्हणालो होतो."

"हां," हॉइट म्हणाला. "तेच."

मी पिमेंटो चीजचं सँडविच काढून अर्धं त्याला दिलं. त्यानं ते खाल्लं, आणि वहीत लिहिलं नाही. हे मला फार गंभीर वाटलं.

तीन वाजता वजन. हाताशी पाच तास, बोटीत सहा बुड्ये आणि अकरा पेट्या घरी कुलपात. बुड्या किनाऱ्याच्या उथळ पाण्यात टाकला तर चिखल नांगरत येतो. दुसऱ्या बोटीकडून काही उसनं घेणं नियमात बसत नाही. मी सहज पुढच्या भागाकडे पाहिलं. हॉइटनं माझी नजर ओळखली.

"नाही," तो म्हणाला.

"मी काही म्हणालोच नाही."

"तो नुसता दाखवायला आहे. त्याला मासा लागत नाही. सात वर्षांत एकदा नाही लागला."

"सात वर्षांत पाण्यात किती वेळा टाकलास?"

"एकदाही नाही," तो म्हणाला.

दहा वाजता आम्ही किनाऱ्याला आलो. लोकांच्या घरांसमोर पाण्यात घातलेले लाकडी धक्के ओळीनं उभे होते आणि अर्ध्या मैलात एकही बोट नव्हती. हॉइटनं बेडूक उचलला, त्याचा एक डोळा अंगठ्यानं पुसला, आणि पहिल्या धक्क्याखालच्या सावलीत असा टाकला की जणू कचरा टाकतोय. बेडकानं दोन पाय हलवले. पाणी फुटलं आणि बेडूक नाहीसा झाला.

तीन पौंड दोन औंस. हिरवी पाठ, कुशीवर काळा पट्टा, तोंड दुधाच्या किटलीएवढं. बास. हॉइटनं त्याला दोन्ही हातांत धरलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "इमरी, हा घुरघुरतोय का?"

"नाही."

"नक्की?"

"अजिबात नाही."

त्यानंतर आम्ही धक्क्यांमागून धक्के घेत गेलो. प्रत्येक धक्क्याखाली मासा होता असं नाही. पण दर चौथ्या-पाचव्याखाली असायचाच. एका धक्क्यावर एक बाई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. "सकाळपासून तुम्ही पहिलेच," ती म्हणाली. "दरवर्षी इथं जत्रा असते. यंदा काय झालं?" हॉइटनं टोपीला हात लावला आणि तिच्या पायांखालून अडीच पौंडांचा मासा काढला. "काही कल्पना नाही, मॅम," तो म्हणाला.

दोन वाजेपर्यंत बोटीतल्या पाण्याच्या हौदात पाच बास झाले. हॉइटनं तराजूवर एकेक धरून बेरीज केली. चौदा पौंड तीन औंस. अशा उन्हात सगळ्यांचेच हाल असणार. चौदात तिसरा नंबर निघू शकत होता. त्यानं तीनदा बेरीज केली.

अडचण पाचव्या माशाची होती. बेडूक त्यानं घशापर्यंत गिळला होता आणि गळ काढताना वेळ लागला. हौदात तो एका कुशीवर कलंडू लागला. आमच्या स्पर्धेत मासे जिवंत आणून दाखवायचे आणि मग परत सोडायचे असा नियम आहे. मेलेल्या प्रत्येक माशामागे पाव पौंड कापला जातो.

हॉइटनं काठी खाली ठेवली. आमच्या चहाचा सगळा बर्फ हौदात ओतला. गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत हात आत घातले, माशाला सरळ धरलं आणि तोंडातून पाणी जात राहावं म्हणून त्याला पुढेमागे हलवत राहिला. बोट मी चालवली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला चाकाला हात लावू दिला होता, आणि माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"चाळीस मिनिटं," तो माशाला सांगत होता. "फक्त चाळीस. नंतर तुला धक्क्यापाशीच सोडतो. तुझ्या घरी पोचवतो पाहिजे तर. बघ, कल्ले हलव. हां, असं. शाबास." नेडीनशी इतक्या मऊ आवाजात तो बोललेला मी ऐकलेला नाही, आणि ती माझी बहीण असूनही मला ते त्या वेळी योग्यच वाटलं.

वजनाच्या रांगेत आमच्या पुढे चार जोड्या होत्या. हॉइट मासे घातलेली पाण्याची पिशवी छातीशी धरून उभा होता आणि दर अर्ध्या मिनिटाला आत डोकावत होता. नेडीन बक्षिसांच्या टेबलावर फुलदाण्या मांडत होती. दरवर्षी फुलं तीच देते. तिनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि फुलदाणी तिथेच ठेवून जवळ येऊन उभी राहिली. पुढे दोन जोड्या उरल्या असताना मासा कुशीवर झाला. हॉइटनं त्याला सरळ केला. तो पुन्हा कुशीवर झाला.

ब्रदर थर्मन यांनी मासे तराजूवर घातले. "चौदा पौंड तीन औंस," त्यांनी माइकवरून सांगितलं, आणि लोकांत कुजबुज झाली. मग त्यांनी पाचव्या माशाचे कल्ले बोटानं उचलले, थोडं थांबले, आणि टोपी काढली. "एक मृत. वजा चार औंस. तेरा पौंड पंधरा औंस."

तिसऱ्या नंबरला डॉक्टर प्रुइट होता. चौदा पौंड एक औंस.

"दोन औंस," हॉइट म्हणाला.

"म्हणजे किती?" नेडीननं विचारलं.

"साधारण एक अंडं."

नेडीननं त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला. "घरी चल," ती म्हणाली. "जेवायला मीटलोफ आहे."

पण तेवढ्यात डॉक्टर आला. हातात तिसऱ्या नंबरची ढाल होती, तरी चेहरा फसवलेल्या माणसाचा होता.

"हॉइट, काल तू मला पांढरा बेडूक म्हणालास."

"म्हणालो."

"धक्क्यांच्या सावलीत म्हणालास."

"म्हणालो."

"आणि आज हे कशावर धरलेस?"

बेडूक त्याच्या खिशातून बाहेर लोंबत होता.

"मी सकाळभर जुन्या रस्त्यावर होतो," डॉक्टर म्हणाला. "तुझ्यामागे मैलभरावर. अर्धी स्पर्धा होती तिथं. चौदा ड्रम काढले मी, हॉइट. चौदा. दुपारी दोनला कुठे पुलाखाली चार मासे लागले. शाळेपासून ओळखतो मी तुला, तोंडावर असं सरळ खरं सांगशील असं वाटलं नव्हतं."

"माणसानं काही धरबंध ठेवावा," मागून कुणीतरी म्हणालं. आजूबाजूच्या पाच-सहा जणांनी मान हलवली. ब्रदर थर्मनही गंभीर होते. त्यांनी हॉइटच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मन मोकळं करायचं असेल तर मी सोमवारी ऑफिसात आहे."

रविवारी चर्चमधून आल्यावर हॉइटनं कपडे बदलले नाहीत. टायसकट तो गराजमध्ये गेला, अकरा पेट्या भिंतीवरून काढून तळघरात नेल्या, बोटीचं आच्छादन नीट ओढलं, ट्रेलर पिकअपला जोडला आणि बोट अंगणात पेकानच्या झाडाखाली आणून लावली. मग गराज झाडलं. नऊ वर्षं चाकं जिथे टेकली होती तिथे जमिनीवर चार पांढरे चौकोन होते, ते त्यानं दोनदा झाडले. नेडीनला त्याची दया आली असावी, कारण ती म्हणाली, "हळूहळू आवर, मला घाई नाही." पण तो म्हणाला की शब्द म्हणजे शब्द, आणि बाजूला उभा राहिला.

ती व्हॅनमध्ये बसली. मी पुढे उभा राहून हातानं दिशा दाखवत होतो. डावीकडे, सरळ, ये, ये, अजून ये. व्हॅन सावकाश आली, तिचं नाक आत गेलं, आणि वर कर्रकन आवाज झाला.

नेडीननं व्हॅन मागे घेतली. हॉइट आत जाऊन मोजपट्टी घेऊन आला. आधी त्यानं दरवाजा मोजला, मग शिडी लावून व्हॅन मोजली, आणि मीटर वाचतो तसे दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले.

दरवाजा सात फूट. व्हॅन आठ फूट चार इंच.